खेळामागच्या ओळी

मे महिन्यात, दुपारचे जेवण आटोपले की, इंदूरच्या आमच्या घरात दोनच आवाज उरतात. एक कूलरचा आणि दुसरा बाबांच्या लॅपटॉपच्या बटणांचा. बाबा त्या वेळी उंदीर पळवत असतात. ‘रोडंट्स रिव्हेंज’ हा १९९१ सालचा खेळ आहे. त्यात एक उंदीर चौकोनी ठोकळे ढकलत ढकलत मांजरांची वाट अडवतो आणि मांजरांना हलायला जागा उरली नाही की त्यांचा चीजचा तुकडा बनतो. सिंचन खात्यात नोकरीला असताना, कार्यालयात नव्यानेच आलेल्या संगणकावर जेवणाच्या सुटीत बाबांना या उंदराचा नाद लागला, तो निवृत्तीनंतरही सुटला नाही.

परवा बाबांचा हात लागून खेळाची खिडकी बाजूला सरकली आणि तिच्यामागची काळी खिडकी उघडी पडली. तिच्यात पांढऱ्या अक्षरांच्या ओळी एकामागून एक उमटत होत्या.

“हे मागे काय लिहून येतंय रे?”

“जे करायचं राहून गेलंय, त्याची यादी आहे ती.”

“मग खेळ चालतोय कसा?”

“राहिलंय तरी चालतोय.”

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा मांजराकडे लक्ष वळवले. मी मात्र ती काळी खिडकी वाचत तिथेच उभा राहिलो, कारण ती तिथे मीच मुद्दाम ठेवलेली आहे. लिनक्स या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या फुकट संगणकप्रणालीवर कोणताही खेळ नुसत्या चित्रावर टिचकी मारून उघडायचा आणि मागे काय चालले आहे ते पाहायचेच नाही, हे मला जमत नाही. घरच्यांच्या मते हा विक्षिप्तपणा आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

विंडोजसाठी लिहिलेला खेळ विंडोजकडे सतत काही ना काही मागत असतो. ही फाइल उघडून दे, इथे खिडकी काढ, हा आवाज वाजव, किती वाजले ते सांग. लिनक्सच्या संगणकावर हे ऐकायला विंडोज नसतेच. तेव्हा वाईन नावाचा प्रोग्राम मध्ये बसतो, खेळाची प्रत्येक मागणी ऐकतो आणि लिनक्सला समजेल अशा रीतीने ती पुरी करून घेतो. मात्र विंडोज काय काय करू शकते याची यादी अफाट आहे, आणि त्यातले पुष्कळसे वाईनमध्ये अजून कुणी लिहिलेलेच नाही. खेळाने नेमके तेच मागितले, तर वाईन बहुधा त्याला ‘झाले’ असे सांगून वेळ मारून नेतो आणि मागच्या काळ्या खिडकीत प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. ‘फिक्समी’, म्हणजे मला दुरुस्त करा, पुढे त्या मागणीचे नाव, आणि शेवटी ‘स्टब’, म्हणजे नुसते नाव आहे, आत काम नाही. थोडेफार केलेले असेल तर ‘सेमी-स्टब’.

बाबांची एक लांबट डायरी होती. तिच्यात जमाखर्चाच्या मागच्या पानांवर घराची कामे लिहिलेली असत. जिन्याचा कठडा, बाकी. गच्चीची मोरी, अर्धी. मीटरजवळची वायर, बाकी. नवीन वर्षाची डायरी आली की पहिल्याच रविवारी ते ही यादी सुवाच्य अक्षरात उतरवून काढत, आणि ‘अर्धी’ हा शब्ददेखील जसाच्या तसा पुढल्या वर्षात जाई. त्या कठड्याला धरूनच आम्ही लहानाचे मोठे झालो. वाईनच्या ओळी मला परक्या वाटत नाहीत, याचे कारण हे असावे.

बाबांचा उंदीर लिनक्सवर येण्याचे कारण मात्र अगदी व्यवहारी होते. तो खेळ सोळा बिटांच्या काळातला आहे, आणि हल्लीचे चौसष्ट बिटांचे विंडोज तसले प्रोग्राम चालवतच नाही. नवा लॅपटॉप घेतल्यावर त्यांनी जुना खेळ उघडू पाहिला, तर पडद्यावर नकाराची चौकट आली, आणि पुढचे काही दिवस घरातल्या दुपारी फार लांबल्या. लिनक्सवर वाईनमधून तोच खेळ पहिल्याच झटक्यात उघडला. विंडोजचा खेळ, जो विंडोजला नकोसा झाला, तो इथे सुखाने नांदतो आहे. बाबांना मात्र आपण विंडोज सोडले याचा अजून पत्ता नाही. पडद्याचा रंग बदलला, एवढेच त्यांनी बोलून दाखवले.

माझी आणि लिनक्सची ओळख झाली ती पोस्टमनच्या हातून. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराची सीडी तेव्हा मागवली की परदेशातून फुकट घरपोच येत असे, टपालखर्चसुद्धा लागत नसे. २०११ मध्ये ती योजना बंद झाली. दादाने २००६ मध्ये कॉलेजातल्या मित्रांचे ऐकून एक मागवली. काही आठवड्यांनी जाड पुठ्ठ्याचे पाकीट रामबागेतल्या आमच्या घरी आले, तेव्हा आईने ते दादाच्या हाती देण्याआधी दोन्ही बाजूंनी नीट पाहून घेतले. सातासमुद्रांपलीकडचे लोक ओळख ना पाळख, फुकट वस्तू कशासाठी पाठवतील, हा तिचा प्रश्न रास्तच होता, आणि दादाच्या उत्तराने तिचे समाधान झाले नाही. पाकिटातली चिकटचित्रे मी लगेच ताब्यात घेतली. त्यांतले एक गोदरेजच्या कपाटावर अजून आहे. त्याचे कोपरे गेले, मधले वर्तुळ राहिले.

दादाला ती सीडी अभ्यासासाठी हवी होती. मला त्यात खेळ कोणते आहेत, याच्याशी कर्तव्य होते. पेंग्विनचा एक खेळ सगळ्यांच्या तोंडी असे. बर्फाच्या उतारावरून पेंग्विन पोटावर घसरत येतो आणि वाटेतले मासे गिळतो. मोठ्या मिनतवारीने तो उतरवून घेतला. पण आमच्या संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, काही केल्या बसेना, आणि त्यावाचून सगळे गणित बिचाऱ्या प्रोसेसरवर येऊन पडले. पेंग्विन उतारावर दिसे, मग तो थांबे, मग एकदम दहा हात खाली दिसे. उजवीकडे वळण्याचे बटण दाबावे आणि पाणी पिऊन यावे, तोवर तो वळलेला असे, बहुतेक वेळा झाडात. आजी देवघरातून येता-जाता पाहायची. “मेला एकादशीलासुद्धा मासे सोडत नाही,” असे तिने एकदा म्हटल्याचे आठवते. पण त्या वेगाने त्याच्या वाट्याला मासे येत होते ते फारच थोडे, हे तिच्या लक्षात आले नसावे. एवढे करून तो उताराच्या पायथ्याशी पोहोचायचा, तेव्हा नेमकी लाइट जायची.

तरीही मी तो रोज खेळत असे. त्यात मौज काय होती, ते आज सांगता येत नाही.

त्या वर्षांत लिनक्सवर खेळ म्हटले की लोक हसत. माझ्या आठवणीतले सर्वांत स्पष्ट हसू आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधल्या एका दुकानदाराचे आहे. मी ग्राफिक्स कार्ड विचारायला गेलो होतो. कशासाठी हवे ते ऐकल्यावर त्याने हातातले डबे पुन्हा मांडणीवर ठेवले आणि म्हणाला, “भिया, लिनक्स पे गेम नी चलते. काम-धाम के लिए ठीक है.” तेव्हा मला उत्तर सुचले नाही. ते पुढे वाचनातून सापडले, आणि दुकानदाराला सांगायचे राहिलेच. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत केन थॉम्प्सन यांनी सूर्यमालेत यान फिरवण्याचा ‘स्पेस ट्रॅव्हल’ नावाचा खेळ लिहिला होता. मोठ्या संगणकावर तो एकदा खेळायचा तर संगणकाच्या वेळेचा हिशेब सुमारे ७५ डॉलरवर जाई, असे त्यांचे सहकारी डेनिस रिची यांनी लिहून ठेवले आहे. म्हणून थॉम्प्सन यांनी कोपऱ्यात पडून असलेल्या पीडीपी-७ या लहान यंत्रावर तो खेळ नेला. त्या खटपटीत त्या यंत्राची ओळख झाली, आणि त्याच यंत्रावर युनिक्स या संगणकप्रणालीने आकार घेतला. पुढे १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ज्याच्या धर्तीवर लिनक्स लिहायला घेतले, ते हेच युनिक्स. काम-धाम नंतर आले. आधी यान उतरवायचे होते.

वाईनला मात्र घाई कधीच नव्हती. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या प्रोग्रामची पहिली पक्की आवृत्ती २००८ मध्ये निघाली. आमच्या गच्चीच्या मोरीलाही एवढा वेळ लागला नाही. त्यानंतरचा वेग एका खेळवेड्याच्या हट्टातून आला. फिलिप रेबोले यांना ‘निअर: ऑटोमाटा’ हा खेळ लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्यांनी विंडोजची चित्रे काढण्याची भाषा लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन या चित्रे काढण्याच्या दुसऱ्या भाषेत आणणारा डीएक्सव्हीके हा प्रोग्राम लिहायला घेतला. ते काम, वाईन आणि इतर बरेच काही एकत्र करून खेळ विकणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारे प्रोटॉन बाहेर काढले, आणि २०२२ मध्ये लिनक्सवरच चालणारा स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा संगणक विकायला आणला. आता बहुतेक खेळ विकत घ्यावा, उतरवावा आणि खेळावा, इतके सोपे झाले आहे. फिक्समीच्या ओळी प्रोटॉन आपण होऊन दाखवत नाही. त्या पाहायच्या तर वेगळी सूचना देऊन फाइलमध्ये लिहवून घ्याव्या लागतात, आणि त्या लिहिण्यापायी खेळ थोडा मंदावतोही. मी ती सूचना देतो. मोठ्या कंपनीच्या महागड्या खेळामागेही ‘सेमी-स्टब’ वाचले की मला बरे वाटते.

सुटीत बडोद्याहून ताईचा मुलगा आला आहे. त्याने माझ्या संगणकावर आपला आवडता खेळ लावून पाहिला. पाटी झळकली, संगीत वाजले, आणि सामन्यात शिरताच त्याला बाहेर काढण्यात आले. मी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर पाहिले. तिथे लोक आपापला अनुभव लिहून खेळांना प्लॅटिनमपासून खाली श्रेण्या देतात, आणि याच्या नावापुढे सर्वांत खालची ‘बोर्क्ड’ ही श्रेणी होती. ऑनलाइन खेळात लबाडी पकडण्यासाठी जे पहारेकरी प्रोग्राम असतात, त्यांतले काही विंडोजच्या थेट कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, जाऊन बसतात, आणि तिथे वाईनची मध्यस्थी चालत नाही. काही पहारेकऱ्यांनी २०२१ पासून प्रोटॉनला वाट दिली आहे, पण ती उघडायची की नाही हे खेळ बनवणाऱ्यांच्या मर्जीवर असते. हे सगळे मी त्याला सविस्तर समजावून दिले.

“म्हणजे चालत नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

“आणि मामा, ती यादी तू रोज वाचतोस, तर त्यातलं काही दुरुस्त करतोस का?”

मी कॉलेजात लेखाशास्त्र शिकवतो. दुरुस्ती माझ्या आवाक्यातली नाही. तसे त्याला सांगितले. त्याने मान डोलावली, पलंगावर आडवा झाला आणि तोच खेळ आपल्या फोनवर सुरू केला. फोन अँड्रॉइडचा होता, म्हणजे त्याच्या पोटातले कर्नल लिनक्सचेच. हे त्याला ऐकवावे म्हणून मी तोंड उघडले, पण तोवर तो पॅराशूटने खाली उतरला होता आणि बंदूक शोधत होता.