तुम्ही विचारलंत म्हणून: हेअर कलरसाठी अजून वेला कंपनीच का?

खुर्चीत बसलेल्या क्लायंट विचारतात, शिकायला येणाऱ्या मुली विचारतात, आणि ज्यांना थोडीफार माहिती असते ते वर हेही म्हणतात की आता ती वेला राहिलीये कुठे, कितीदा विकली गेली. माहितीये मला. 2003 मध्ये पी अँड जी या साबण-शाम्पूवाल्या अमेरिकन कंपनीने घेतली, 2016 मध्ये कोटी नावाच्या ब्यूटी कंपनीने, आणि 2020 मध्ये केकेआर या गुंतवणूक फंडाने 60 टक्के हिस्सा घेतला. हीच यादी माझ्या पार्टनरने मला ऐकवली होती आणि त्यानंतर आमचं सलॉन फुटलं, म्हणून आज एकदाच नीट सांगते.

लॉकडाऊन उठला तेव्हा भाडं थकलेलं, अर्धा स्टाफ गावाला. तेवढ्यात दुसऱ्या एका मोठ्या ब्रँडची ऑफर आली. नवा बोर्ड, शाम्पू स्टेशन, मुलींचं ट्रेनिंग, पहिल्या ऑर्डरवर भरपूर डिस्काउंट, आणि अट एकच की कलर फक्त त्यांचाच वापरायचा. पार्टनर म्हणाली सही करून टाकू. मी नाही म्हटलं. रात्री शटर अर्धं ओढून आम्ही बसलो होतो, काउंटरवर क्लायंटच्या कार्डांचा डबा होता, तिने त्यातलं एक उचललं आणि मोठ्याने वाचलं, "4/0, सहा टक्के, एकास एक, कानशिलापासून सुरू, 40 मिनिटं. अगं, हे कुठल्याही कलरने होतं! तुझी वेला आता फंडवाल्यांची आहे, त्यांना तू माहीत तरी आहेस का?"

4/0 हा शेडचा नंबर, सहा टक्के म्हणजे कलरमध्ये कालवायचं डेव्हलपर. ज्यांचं ते कार्ड, त्या काकूंचे कानशिलावरचे केस पूर्ण पांढरे आणि इतके चिवट की लवकर कलर धरतच नाहीत, म्हणून सुरुवात तिथून. 4/0 साठी ती बरोबर होती, साध्या नॅचरल शेड सगळ्यांकडे जवळपास सारख्याच. पण बाकीच्या कार्डांचं काय? रेघेनंतरचा आकडा रंगाची छटा सांगतो, आणि तिथे वेलाचा 6 म्हणजे व्हायोलेट, दुसऱ्या कंपनीचा 6 म्हणजे लाल. इथला 4 लाल, तिकडचा 4 कॉपर. पंधरा वर्षं एकेका बाईच्या केसावर बघून बघून बसवलेले आकडे होते ते, चार्ट समोर ठेवून एका रात्रीत नाही बदलता येत. हे मी तिला सांगायला हवं होतं का? सांगितलं की, पण रागात भलतंच जास्त सांगितलं, की ही केस कापणाऱ्या माणसाची कंपनी आहे, कुणा शेठची नाही.

ते खोटं नव्हतं. फ्रान्झ श्ट्रोयर स्वतः हेअरड्रेसर, 1880 मध्ये जर्मनीत, सॅक्सनीतल्या रोथेनकिर्शेनला त्याने विगचं काम सुरू केलं. पुढे बायका केस आखूड ठेवायला लागल्या, विग मागे पडले, तर घरच्यांनी रडत न बसता पर्मचं, म्हणजे केस कुरळे करायचं, मशीन काढलं. 1924 ला वेला नाव रजिस्टर केलं आणि 1950 मध्ये कोलेस्टन आणलं, क्रीममधला कलर, जो वाटीत कालवून ब्रशने लावला की ओघळत मानेवर येत नाही. आमच्या हातात रोज असतं ते हेच.

पण 2003 मध्ये त्याच कुटुंबाने 77.6 टक्के मतं असलेले शेअर पी अँड जीला विकले. म्हणजे 2021 च्या त्या रात्री मी जे वाक्य टेबलावर आपटत होते ते तेव्हाच अठरा वर्षं जुनं झालेलं होतं. तिने तेच दाखवलं, आणि मला उत्तर आलं नाही.

उत्तर अजूनही पूर्ण नाही, पण 1945 आठवतं. युद्धानंतर रोथेनकिर्शेन सोव्हिएत ताब्यात गेलं, कारखाना गेला. कुटुंबाने पश्चिमेला ह्युनफेल्डला आणि मग डार्मश्टाटला नव्याने मांडलं. तिकडे पूर्वेत जुन्याच जागी काम चालूच राहिलं, लोंडा नावाने. आता सांगा, खरी वेला कुठली? ज्यांच्याकडे नाव होतं ती, का जिथे भिंती आणि कामगार होते ती? जर्मनी एक झाल्यावर लोंडा परत वेलाकडेच आली. मालक बदलला म्हणून ब्रँड संपला असं म्हणणाऱ्यांनी मला आधी हे सोडवून द्यावं!

आणि तरी मी असं नाही म्हणणार की ती चुकली. तिचं सलॉन चांगलं चाललंय, तिचा कलरही चांगला येतो, माझ्या काही क्लायंट तिकडे गेल्या त्या खूश आहेत. आम्ही बोलत नाही, एवढंच. कलरवरून मैत्री तुटते का, असंही लोक विचारतात, तर हो, भाडं थकलेलं असताना तुटते. वेलाचं नाव काढलं की मी चिडते ते तुमच्यावर नसतं.

उद्या पुन्हा विकली गेली तर? नवीन लॉट आला की मागची एक बट घेऊन स्ट्रँड टेस्ट करते, तेव्हाही तेच करेन. कार्डावरचा आकडा केसावर तसाच आला तर ठेवेन. नाही आला तर डबा घेऊन बसेन आणि एकेक कार्ड पुन्हा लिहीन.