ध्वनिमुद्रिकांची नोंदवही अ‍ॅक्सेस २००३ वर: सहावा आठवडा

मागच्या नोंदीत फ्रंट-एंड (फॉर्म, रिपोर्ट, कोड) आणि बॅक-एंड (माहितीची टेबले) वेगळे करून झाले होते. या आठवड्यात खरी परीक्षा होती. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रामच्या २०१० आवृत्तीत बांधलेली नोंदवही २००३ मध्ये उघडायची, चालवायची, आणि तीच फाइल परत नव्या आवृत्तीत नेली तरी काही बिघडू द्यायचे नाही. बॅक-एंड एका बैठकीत झाला. फ्रंट-एंडने पाच रात्री घेतल्या.

बॅक-एंडचे थोडक्यात सांगते. २००७ च्या आवृत्तीपासून जेट या जुन्या डेटाबेस इंजिनाची जागा एसीई इंजिनाने घेतली आणि एसीसीडीबी या नव्या स्वरूपाची फाइल आली. ती २००३ ला वाचता येत नाही. 'जुन्या (एमडीबी) स्वरूपात साठवा' म्हटले, तर नकार आला. कारण अटॅचमेंट (जोडलेल्या फाइली), मल्टिव्हॅल्यू (एका रकान्यात अनेक किमती) आणि कॅल्क्युलेटेड (आपोआप गणित करणारी) अशी नव्या स्वरूपातली तिन्ही प्रकारची फील्ड माझ्या टेबलांत होती. मुखपृष्ठांची चित्रे फोल्डरमध्ये काढून टेबलात फक्त त्यांचा पाथ ठेवला, एकूण कालावधीचे गणित क्वेरीत नेले आणि कलाकारांसाठी वेगळे जोडटेबल (कोणत्या मुद्रिकेत कोणते कलाकार, याचे) केले. हे जोडटेबल पहिल्या दिवसापासून असायला हवे होते. आता एकाच कलाकाराच्या सगळ्या मुद्रिका शोधणे कितीतरी सोपे झाले आहे.

आता रेफरन्सचे, म्हणजे कोड ज्या बाहेरच्या लायब्ररींवर अवलंबून असतो त्यांच्या जोडणीचे प्रकरण. एमडीबी २००३ मध्ये उघडली आणि पहिल्याच फॉर्मवर 'प्रोजेक्ट किंवा लायब्ररी सापडत नाही' हा संदेश आला. कर्सर उभा होता 'डेट' या फंक्शनवर! तारीख देणारे साधे फंक्शन कसे सापडत नाही, यात पहिली रात्र गेली. दोष डेटचा नव्हताच. टूल्समधल्या रेफरन्सेसच्या यादीत एक्सेल १४.० (म्हणजे एक्सेल २०१०) च्या लायब्ररीपुढे 'मिसिंग' लिहिले होते. यादीतली एक लायब्ररी तुटली की डेट, लेफ्ट, मिड यांच्यासारखी निरपराध फंक्शनेही अडतात. फाइल नव्या आवृत्तीत उघडली की ऑफिसच्या लायब्ररींचा आकडा आपोआप वर चढतो, पण जुन्या आवृत्तीत परत आल्यावर तो खाली उतरत नाही. म्हणून २००३ मध्ये रेफरन्स दुरुस्त करून भागत नाही. फाइल पुन्हा एकदा २०१० मध्ये उघडली की पहिले पाढे पंचावन्न.

उपाय लेट बाइंडिंगचा, म्हणजे लायब्ररी आधीच न जोडता कोड चालताना शोधू देण्याचा. एक्सेलचा रेफरन्स काढून टाकला, सगळे व्हेरिएबल 'ऑब्जेक्ट' म्हणून घोषित केले आणि एक्सेल 'क्रिएटऑब्जेक्ट'ने उघडले. रेफरन्स गेला की त्याचे कॉन्स्टंटही (ठरावीक आकड्यांना दिलेली नावे) जातात, हे विसरू नका. एक्सएलअप म्हणजे उणे ४१६२, एक्सएलसेंटर म्हणजे उणे ४१०८; असे सगळे आकडे एका मॉड्यूलमध्ये लिहून ठेवले. प्रत्येक मॉड्यूलच्या डोक्यावर 'ऑप्शन एक्स्प्लिसिट' (घोषित न केलेले नाव चालू न देणारी ओळ) असेल तर राहून गेलेला कॉन्स्टंट कंपाइल करतानाच पकडला जातो. ते नसेल तर तो मुकाट रिकामी किंमत घेतो आणि चूक भलतीकडेच दिसते. माझ्या दोन मॉड्यूलमध्ये ते नव्हते, आणि एक्सेलमध्ये होणाऱ्या निर्यातीतला गोंधळ नेमका तिथलाच निघाला.

तिसऱ्या रात्री बटणांकडे वळले. काही बटणे दिसत होती, पण दाबली की काहीच होत नव्हते. नव्या आवृत्तीतला विझार्ड बटणामागे एम्बेडेड मॅक्रो (फॉर्मच्या आतच साठवलेल्या सूचना) ठेवतो आणि २००३ ला तो प्रकारच ठाऊक नाही. एकेक फॉर्म उघडून शोधण्यापेक्षा 'सेव्हअ‍ॅजटेक्स्ट' या दडलेल्या फंक्शनने सगळे फॉर्म मजकूर म्हणून बाहेर काढले आणि त्यात 'ईएममॅक्रो' हा तुकडा शोधला. फाइली यूटीएफ-१६ या अक्षर-संकेतात निघतात, त्यामुळे शोधायचे साधन ते वाचणारे हवे. अकरा बटणे सापडली. अकरांनाही साध्या व्हीबीएत (ऑफिसमधल्या कोडच्या भाषेत) इव्हेंट प्रोसीजर, म्हणजे बटण दाबल्यावर चालणारा कोड लिहिला.

६४-बिट ऑफिससाठीचे काम मात्र सरळ निघाले. एपीआयची (विंडोजच्या आतल्या फंक्शनांची) घोषणा दोनदा लिहायची: 'हॅश इफ व्हीबीए७' या नव्या आवृत्तीसाठीच्या अटीच्या आत 'पीटीआरसेफ' लावून आणि 'एल्स'मध्ये जुन्या पद्धतीने. २००३ च्या एडिटरमध्ये पहिली ओळ लाल दिसते. घाबरू नका, व्हीबीए७ तिथे अस्तित्वातच नसल्याने तो भाग कंपाइल होत नाही. फाइल निवडण्याच्या खिडकीसाठी लिहिलेला लांबलचक एपीआय मी पुसूनच टाकला. 'अ‍ॅप्लिकेशन.फाइलडायलॉग' २००२ पासून आहे आणि त्याला ३ हा आकडा दिला की फाइल निवडता येते.

मराठी संदेशांची अडचण जुनी, पण इथे नोंदवते. फॉर्मवर देवनागरी नीट दिसते. व्हीबीएच्या एडिटरमध्ये तोच मजकूर टाकला की प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते, मग आवृत्ती कोणतीही असो. म्हणून सगळे संदेश एका टेबलात ठेवले, कोडमध्ये फक्त क्रमांक, आणि एमएसजीबॉक्सऐवजी (संदेशाच्या तयार चौकटीऐवजी) लेबल असलेला छोटा फॉर्म. वाढीव लाभ असा की शुद्धलेखन सुधारायला कोडला हात लावावा लागत नाही.

आता माझा क्रम उलटला आहे. बदल २००३ च्या व्हर्च्युअल मशीनमध्येच (संगणकातल्या आभासी संगणकात) करते, तिथेच कंपाइल करते, आणि मग प्रत वरच्या आवृत्तीत नेऊन तपासते. तिथे सापडलेली चूकही खाली २००३ मध्ये येऊनच दुरुस्त करते. काल रात्री एकच एमडीबी २००३, २००७, २०१० आणि एका ६४-बिट आवृत्तीत उघडली; रेफरन्सच्या यादीत कुठेही 'मिसिंग' नव्हते. तो क्षण फार सुखाचा होता.

राहिला आहे तो छापील सूचीचा रिपोर्ट. त्यात कॅलिब्री फाँट आहे आणि जुन्या एक्सपी यंत्रावर तो फाँटच नाही, त्यामुळे रकाने सरकतात आणि मुद्रिकेचा क्रमांक तुटतो. पुढच्या आठवड्यात मराठीसाठी मंगल, आकड्यांसाठी एरियल, आणि सगळ्या रकान्यांची रुंदी पुन्हा मोजायची.