पावणेतीन शिलिंगांची सूट

प्रिन्स एडवर्ड आयलंडवर मी जमीन मोजणीच्या कामाला आहे. कॅनडाचा हा सगळ्यात लहान प्रांत, आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून जेमतेम मोठा. मातीसुद्धा आपल्यासारखीच लाल. फक्त तिच्यात भात नाही, बटाटा.

सप्टेंबर २०२२ मध्ये फियोना वादळाने उत्तर किनारा ओरबाडून नेला. पुढच्या उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मोजणी मागितली. गावाचं नाव सांगत नाही. इथे गाव सांगितलं की माणूस कळतो.

दारातच त्याने विचारलं, "तुझा बाप कोण?" बेटावरचा हा नेहमीचा प्रश्न, आमच्याकडचं "कोणाचो रे तू?" म्हणतात ना, तेच. देवगडच्या बापाचं नाव सांगून त्याला काय उमगणार! तरी सांगितलं. त्याने अशी मान डोलावली, की जणू वडील दोन शेतं पलीकडे राहतात.

जुना दस्त त्याने आधीच टेबलावर काढून ठेवला होता. बेटावरचे जुने दस्त वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्यातली उत्तर आजची नसते. '१७६४ सालच्या चुंबकीय उत्तरेप्रमाणे' असं त्यात लिहिलेलं असतं. होकायंत्राची सुई वर्षागणिक सरकते, म्हणून सगळ्या हद्दी त्या एका सालाला बांधून टाकल्या. १७६३ मध्ये बेट फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आलं आणि पुढच्या वर्षी सॅम्युएल हॉलंड मोजणीला उतरला. त्याने बेटाचे ६७ तुकडे पाडले, प्रत्येकी साधारण वीस हजार एकरांचे. त्यातले बहुतेक सगळे १७६७ मध्ये लंडनला चिठ्ठ्या टाकून सरकारच्या मर्जीतल्या लोकांना वाटले गेले. वाटताना बेटावरच्या मूळ रहिवाशांना, मिगमॉ लोकांना, कुणी विचारलं नाही. अकेडियन फ्रेंचांचा तर प्रश्नच नव्हता, त्यांतल्या बहुतेकांना १७५८ मध्येच जहाजांत कोंबून हाकललं होतं. मग स्कॉटलंड-आयर्लंडमधून लोक आले, जंगल तोडलं, शेतं केली आणि खंड भरायला लागले. बरेचसे मालक समुद्रापलीकडे, वसुलीचा कारभारी इथे.

आम्ही रस्त्याकडच्या टोकापासून सुरुवात केली. तिथली हद्दीची खूण शोधायला फावडं मारलं तर मातीतून शिंपल्यांचा चुरा निघाला. म्हातारा म्हणाला, "मसल मड." पूर्वी हिवाळ्यात खाडी गोठली की बर्फाला भोक पाडून, घोड्यांच्या जोरावर चालणाऱ्या यंत्राने तळाचा शिंपल्यांचा गाळ उपसायचे आणि शेतात पसरायचे. जमीन आंबट, तिला चुना हवा. आजीच्या माहेरी शिंपले भाजून चुना करायचे, तो आठवला. अर्ध्या हातावर लोखंडी गज लागला.

शेत लांब पट्टीसारखं, रस्त्यापासून समुद्रापर्यंत. दस्तात रुंदी १० साखळ्या, लांबी १०० साखळ्या. साखळी ६६ फुटांची, म्हणजे बरोबर शंभर एकर. दुसऱ्या टोकाची खूण 'कड्यावर ठोकलेली खुंटी' अशी लिहिलेली. हातातलं यंत्र त्या बिंदूकडे नेत होतं आणि मी चालत होतो. लाल कड्याच्या काठाशी थांबावं लागलं. पडद्यावर खुंटी अजून पुढेच दिसत होती, पाण्यात. एका ठिकाणी तर कुंपणाचा खांब तारेला लोंबकळत होता.

पुन्हा मोजलं. दोन साखळ्या सत्तर कड्या कमी. साधारण ५४ मीटर. एकट्या फियोनाने एवढं नेलं नाही. हा वालुकाश्म दरवर्षी सरासरी फूटभर झिजतो, दस्त पावणेदोनशे वर्षांचा. आणि कायदा असा, की किनारा हळूहळू झिजला तर हद्दही त्याच्याबरोबर मागे येते. हे घरमालकाला सांगायचं काम नेहमी माझ्या वाट्याला येतं. का कोण जाणे.

म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. कडक चहा ओतला आणि बिस्किटांचा गंजका डबा आणला. आत १८४६ चा भाडेपट्टा. मुदत ९९९ वर्षं! एकरी एक शिलिंग, म्हणजे वर्षाला पाच पौंड. खाली खंडाच्या पावत्या, दोऱ्याने बांधलेल्या. ती शाई पाहून मी गप्प झालो. आमच्या पणजोबांकडे खोताच्या पावत्या नव्हत्या. धान्य मोजून नेलं की झालं. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, तरी आजी 'खोताचा माणूस इलो' म्हणून आम्हाला झोपवायची.

"१८६४ मध्ये कुळांनी संघ केला," म्हातारा सांगू लागला. खंड देणार नाही म्हणून शपथा घेतल्या. शेरीफचा माणूस दिसला की पत्र्याची तुतारी वाजायची आणि शेतंच्या शेतं गोळा व्हायची. त्याने मूठ ओठांना लावून ती वाजवून दाखवली, कुत्रा भुंकायला लागला. शेवटी हॅलिफॅक्सहून फौज आणावी लागली. मी त्याला आमच्याकडच्या, अलिबागजवळच्या चरी गावातल्या कुळांच्या संपाचं सांगितलं, सहा वर्षं जमीन पडीक ठेवली पण खंड दिला नाही. "सहा?" त्याने दोनदा विचारलं.

१८७३ मध्ये बेट कॅनडात गेलं, ते मालकांना विकत घेण्यासाठी आठ लाख डॉलर मिळतील या बोलीवर. १८७५ मध्ये सक्तीच्या खरेदीचा कायदा झाला. इंग्लंडमधल्या शार्लट सलिवन या जमीनदारीणबाई त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. बेटावरच्या कोर्टात जिंकल्या, पण सरकारच्या अपिलावर कॅनडाच्या सुप्रीम कोर्टात हरल्या. त्या कोर्टाच्या अगदी सुरुवातीच्या खटल्यांपैकी तो एक. आजही प्रांताबाहेरच्या माणसाला पाच एकरांवर जमीन घ्यायची तर मंत्रिमंडळाची परवानगी लागते. मला आधी हा हट्टीपणा वाटायचा.

डब्याच्या तळाशी सरकारी खरेदीखत होतं. ९९९ पैकी तीसच वर्षं भरून सुटले होते.

"किती गेलं म्हणालास?"

"पावणेतीन एकरांच्या आसपास."

त्याने पट्टा उलटा केला, मागे पेन्सिलीने काहीतरी मांडलं. "म्हणजे खंडात वर्षाला पावणेतीन शिलिंग सूट," तो म्हणाला. "मालकाला कळव."

नवा गज आम्ही काठापासून तीस फूट आत ठोकला.