गब्बरची आई

चिनूनं लिहिलेली गोष्ट काल रात्री वाचली आणि आज दिवसभर कशातच लक्ष नाही.

गोष्ट चांगली आहे, तोच तर त्रास आहे. 'शोले'तल्या गब्बरला तिनं आई दिलीये. ती रानातली बोरं वेचून आणते आणि स्वतः उपाशी राहून त्याच्या मुठीत कोंबते. तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गब्बरसाठी! 1975 चा सिनेमा, किती वेळा पाहिला, त्याच्यासाठी जीव कधी कळवळला नव्हता. सलीम-जावेदनी त्याचं लहानपण सांगितलंच नाही. अमजद खान खडकांवर पट्टा घासत येतो, बस्स.

मग ठाकूरच्या नातवाचं काय? गोळीचा आवाज होतो, पोर पडलेलं दाखवत नाहीत. नंतर अंगणात पांढऱ्या चादरी, त्यातली एक आखूड. ती चादर चिनूच्या गोष्टीत कुठेच नाही. मी पुन्हा पुन्हा शोधली.

चंबळच्या खोऱ्यातला, भिंडकडचा खरा डाकू गब्बर 1959 साली पोलिसांशी झालेल्या चकमकीत मेला. लोकांची नाकं कापायचा. देवीला नाकं वाहिली की गोळी लागत नाही, असं त्याला कुणी सांगितलं होतं म्हणे. आजोबा तेव्हा तिकडे मास्तर होते. बसमध्ये एक जण भेटायचा, भर उन्हाळ्यातही साफ्याचं टोक नाकावरून खाली येऊ द्यायचा नाही. पाणी प्यायचं झालं तर खिडकीकडे तोंड फिरवायचा. आजोबा एवढंच सांगून थांबायचे.

ताईला फोनवर हे सांगायला गेले तर म्हणाली, "अगं, पोरीचं कौतुक कर की!" माझं म्हणणं या घरात कुणी पुरतं ऐकून घेतच नाही. आई असती तर... जाऊ दे.

संध्याकाळी बाड्याच्या चौकातून चालत येताना जरा शांत वाटलं. आमच्या गॅदरिंगलाही पोरं गब्बरच व्हायची, ठाकूर व्हायला कुणी तयार नसायचं. बिस्किटांच्या जाहिरातीतसुद्धा तोच होता. लोकांनी त्याला केव्हाच जवळ केलंय, चिनूनं फक्त त्याला आई दिली. आणि लिहिलंय मनापासून, हे खरंच.

उद्या तिचा फोन येईल. गब्बरची आई फार छान उतरलीये, हे आधी सांगेन. मग म्हणेन, त्या बसमधल्या माणसालाही आई असेल की गं, तिच्यासाठीही दोन पानं लिही. चिडेल. चिडू दे.