सेलेच्या काठानं माउंटन बाइक: फिजाक ते काओर

फ्रान्सच्या नैऋत्येला सेले नावाची नदी आहे, तिच्या खोऱ्यातून जायला दोन वाटा आहेत. एक डांबरी रस्ता, नदीला चिकटून, कड्यांच्या पायथ्यानं वळत वळत जाणारा, रोड बाइकवाले त्याच्यावरून सकाळी फिजाकहून निघतात आणि संध्याकाळी काओरला पोचतात. दुसरी वाट म्हणजे जेएर ६५१, झाडांवर आणि दगडांवर लाल-पांढरे पट्टे मारलेली पायवाट, ती गावातून वर पठारावर चढते आणि पुढच्या गावात परत खाली उतरते, आणि हे असं दिवसभर चालू. दादा बरीच वर्षं फ्रान्समध्ये आहे, त्यानं फोनवर एवढंच सांगितलं, "तू पाच दिवसांची रजा टाक, हे एका दिवसाचं काम नाही." मी रजा टाकली आणि सप्टेंबरच्या शेवटी आम्ही दोघं माउंटन बाइक घेऊन, तिकडे तिला वेतेते म्हणतात, फिजाकच्या स्टेशनवर उतरलो.

फिजाक म्हणजे शाम्पोलियाँचं गाव. १७९० मध्ये तो इथे जन्मला आणि १८२२ मध्ये त्यानं इजिप्तच्या चित्रलिपीचं कोडं सोडवलं. त्याच्या घराच्या मागे एक छोटा चौक आहे, त्या चौकाची फरशी म्हणजेच रोझेटा शिळेची, ज्या शिळेवरून ते कोडं सुटलं तिची, भलीमोठी प्रत, काळ्या ग्रॅनाइटमध्ये कोरलेली, तीन लिप्यांच्या तीन पायऱ्या. सायकली भिंतीला लावल्या आणि अक्षरांवरून चालत चालत आम्ही बेकरीतून आणलेला पाव खाल्ला. बास, फिजाकला एवढाच वेळ दिला, कारण मला पठार बघायची घाई होती.

या पठाराला कॉस म्हणतात. सगळा चुनखडीचा दगड. पावसाचं पाणी वर थांबतच नाही, दगडाच्या फटींतून खाली मुरतं, आत गुहा पोखरतं आणि खाली नदीकाठी झरा होऊन बाहेर येतं. त्यामुळे वर ओढा नाही, विहीर क्वचित, नुसते बुटके ओक, जुनिपरची झुडपं, वाळलेलं गवत आणि दगड. शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या शेतातले दगड वेचले आणि त्यांचे गडगे रचले, मातीचा किंवा चुन्याचा थेंबही न वापरता. पायवाट मैलोनमैल या दोन गडग्यांच्या मधून जाते, मध्येच एखादी गोल दगडी खोपी दिसते, तिला काझेल म्हणतात, तिचं छप्परसुद्धा नुसते चपटे दगड एकावर एक आत सरकवत रचलेलं, खाली एकही लाकूड नाही. मी एकीच्या आत जाऊन वर बघत उभी राहिले, बाहेर ऊन कडक आणि आत एकदम गार, आणि छपराच्या मधोमध हाताएवढा एकच दगड सगळं झाकून बसलेला. किती वर्षं बसलाय कोण जाणे, पण हललेला नाही.

मेंढ्याही इथल्याच, पांढऱ्याशुभ्र आणि फक्त कान काळे आणि डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, चष्मा लावल्यासारख्या. पांढऱ्या दगडावरून उन्हाची तिरीप येते म्हणून ही वर्तुळं कामाची, असं लोक म्हणतात. आमच्या सायकली दिसल्या की त्या सगळ्या एकदम मान वर करून बघायच्या.

आता चालवण्याबद्दल, कारण मला विचारणारे हेच आधी विचारतात. चढ लांब नाहीत, खोऱ्यातून पठारावर दीडदोनशे मीटरचीच उंची, पण त्या चढाला वळणं कमी आणि दगड सुटे, मुठीएवढे, चाकाखाली गडगडणारे, त्यामुळे काही ठिकाणी आम्ही सायकल ढकलतच नेली आणि त्यात काही वाईट वाटलं नाही. उतरताना सीट खाली, वजन मागे, आणि मुख्य म्हणजे पुढचा ब्रेक घट्ट धरून ठेवायचा नाही, चाक फिरत राहिलं तर दगडावरून जातं, अडवलं तर घसरतं. चुनखडी कोरडी असली की टायर तिला छान पकडतो, ओली झाली की साबण. दुसऱ्या दिवशी पहाटे दव पडलं होतं तर पहिले दोन तास आम्ही जीव मुठीत धरून उतरलो. आणि ही वाट मुळात चालणाऱ्यांची आहे, फ्रान्समधल्या ल पुईहून स्पेनमधल्या सांतियागोला निघालेल्या यात्रेकरूंच्या वाटेची ही एक शाखा, त्यामुळे माणूस दिसला की थांबायचं, बाजूला व्हायचं, बोंजूर म्हणायचं. बोंजूर न म्हणता पुढे गेलेला सायकलवाला त्यांच्या लक्षात राहतो, आणि ते बरोबरच आहे.

पहिला मुक्काम एस्पान्याकला. नदीच्या वळणात लपलेलं इवलंसं गाव, जुना नन्सचा मठ, आणि देवळाला वीट आणि लाकडाचा घंटामनोरा, दगडाच्या मुलखात एकदम वेगळाच उठून दिसणारा. मठाच्या आवारातच यात्रेकरूंसाठी राहायची सोय आहे. दुसऱ्या दिवशी ब्रांगच्या उतारावर माझ्या मागच्या टायरची बाजू दगडाच्या धारेनं चिरली. ट्यूबलेस टायरमधलं, भोक बुजवणारं पांढरं सीलंट कारंज्यासारखं उडालं, चिरेत रबरी प्लग घातला तर तो चिरेतून निसटला, चीर बोटाच्या पेराएवढी. ट्यूब होती पण ती चिरेतून फुगा होऊन बाहेर येणार हे दिसत होतं. तेवढ्यात वरून एक बाई आली, साठीच्या पुढची असेल, पाठीवरच्या पिशवीला शिंपला, म्हणजे यात्रेकरूंची खूण, बांधलेला. "साव्हा?", म्हणजे ठीक ना, असं विचारून ती थांबलीच, पिशवी उतरवली, पायाच्या फोडांना लावायची जाड चिकटपट्टी काढली आणि कात्रीनं चार तुकडे कापून माझ्या हातात दिले. आम्ही टायर आतून पुसून कोरडा केला, तुकडे एकावर एक चिकटवले, वर बिस्किटाच्या पाकिटाचा तुकडा, मग ट्यूब. ते ठिगळ काओरपर्यंत टिकलं. ती मात्र आमचं काम संपेपर्यंत थांबली नाही, ब्वाँ रूत, म्हणजे प्रवास चांगला होवो, म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली, पुढे दोन दिवस आम्ही प्रत्येक गावात तिला शोधत होतो आणि ती भेटलीच नाही.

पाण्याची एक गोष्ट सांगून ठेवते. पठारावर पाणी नाही, गावातली दुकानं दुपारी बंद, आणि तुम्ही नेमके त्याच वेळी पोचता. तेव्हा सरळ कब्रस्तानात जायचं. तिकडे जवळजवळ प्रत्येक गावाच्या कब्रस्तानात फुलांना पाणी घालायला नळ असतो. पाटीवर पिण्यायोग्य नाही असं लिहिलेलं नाही ना तेवढं बघायचं आणि बाटल्या भरायच्या. मार्सियाकला आम्ही तेच केलं. तिथल्या मठाचा अर्धा भाग इंग्लंड आणि फ्रान्सच्या शंभर वर्षांच्या युद्धात उद्ध्वस्त झाला तो तसाच आहे, देवळाच्या मधल्या भागाला छप्परच नाही, खांब उभे आणि वर उघडं आकाश, आणि उरलेल्या अर्ध्यात आजही प्रार्थना होते. इथून पुढे कड्यांच्या कपारीत भिंती घातलेले छोटे किल्ले दिसत राहतात, त्यांना इंग्रजांचे किल्ले म्हणतात कारण त्या युद्धात ते वापरले गेले. डांबरी रस्त्यावरून ते दिसतात खरे, पण पायवाटेनं गेलं की कळतं की ते तिथेच का आहेत. समोरच्या पठारावरून आम्ही थांबून बघितलं तर त्या एका कपारीतून नदीची दोन्ही वळणं आणि दोन्ही बाजूंच्या उतरणीच्या वाटा दिसतात. टेहळणीला याहून बरी जागा नाही.

आणि मग पेश मेर्ल, हजारो वर्षांपूर्वीच्या चित्रांची गुहा. यासाठी तर मी आले होते.

काब्रेरे गावातून वर उभा चढ आहे, घामाघूम होऊन आम्ही वर पोचलो. तिकीट आधीच काढलेलं होतं, ते काढायलाच लागतं कारण रोज ठराविकच माणसं आत सोडतात, तेही गटानं आणि वाटाड्यासोबत, आणि फोटो काढायला बंदी. १९२२ मध्ये गावातली शाळकरी पोरं इथल्या बिळातून सरपटत आत गेली आणि त्यांना ही चित्रं सापडली. अशी शोधाशोध करायचा नाद त्यांना गावच्या पाद्र्यानं, आबे लमोझीनं लावला होता. आत बारा-तेरा अंश, ओल्या जर्सीत मला हुडहुडी भरली, दादानं त्याचं जाकीट दिलं. "तू घाल, मला नको," एवढंच.

दोन घोडे आहेत, पाठीला पाठ लावल्यासारखे, अंगभर काळे ठिपके, आणि ठिपके अंगाच्या बाहेरही सांडलेले. सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे. उजवीकडच्या घोड्याचं डोकं जिथे काढलंय तिथे दगडाची कडाच घोड्याच्या डोक्याच्या आकाराची आहे, म्हणजे ज्यानं काढलं त्याला घोडा आधी दगडातच दिसला. भोवती हातांचे छाप, हात दगडावर ठेवून तोंडानं रंग फुंकलेला. मिशेल लोर्ब्लाँशे नावाच्या संशोधकानं याच पद्धतीनं, कोळशाची पूड तोंडात घेऊन थुंकत थुंकत, हे घोडे दुसऱ्या गुहेत काढून बघितले तेव्हा त्याला ३२ तास लागले. मी त्या हाताकडे बघत होते, अंगठा बाजूला ताणलेला, माझ्या हाताएवढाच.

पुढे चिखलात पावलं आहेत, पोरसवदा वयातल्या कुणाची तरी, टाच आणि बोटं स्पष्ट उमटलेली. आणि त्याहून पुढे छतातून एक मूळ खाली येतं, ओकच्या झाडाचं, दालनाच्या मधून सरळ खाली जाऊन पुन्हा जमिनीत शिरतं. ते झाड वर पठारावर आहे. दोन दिवस ज्या बुटक्या ओकांच्या मधून आम्ही सायकल हाणत होतो त्यांच्या मुळ्या पाणी शोधत अशा कुठवर जात असतील हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. बाहेर आल्यावर आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही.

पुढे कोंदुशेला सेले लॉट नदीला मिळते. बुझिएसच्या अरुंद झुलत्या पुलावरून पलीकडे गेलं की कड्यात कोरलेली वाट लागते. पूर्वी या नदीतून दारूची पिंपं वगैरे माल होड्यांनी जायचा आणि प्रवाहाच्या उलट येताना होडी काठावरून दोरानं ओढायला लागायची, पण इथे कडा सरळ पाण्यात उतरतो, काठच नाही. म्हणून १८४० च्या दशकात कड्याच्या पोटातच वाट खोदली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला आणि डोक्यावर दगड. पुढे काही दशकांत रेल्वे आली आणि होड्या बंद पडल्या. एका ठिकाणी भिंतीवर दानिएल मोनिए या शिल्पकारानं शिंपले आणि मासे कोरलेत, लोक तिथेच फोटो काढतात, मला मात्र छतावरचे छिन्नीचे घाव जास्त आवडले, तिरके, एका अंतरानं, संपूर्ण वाटभर. हात पुरला तिथे मी बोट फिरवून बघितलं, धार अजून लागते. इथे सायकलवर बसू नका. वाट अरुंद, माणसं खूप, आणि बसून गेलात तर हे घाव दिसायचेही नाहीत.

सें-सिर-लापोपी सुंदर आहे, २०१२ मध्ये फ्रेंचांनी टीव्हीवर मतं देऊन त्याला आपलं सगळ्यात आवडतं गाव ठरवलं, आणि त्यामुळे गर्दीही तशीच. मला तिथली एकच गोष्ट नोंदवायची आहे, इथले कारागीर बॉक्सवुडच्या लाकडाचे पिंपांना लावायचे नळ कातायचे. तीच बॉक्सवुडची झुडपं आम्हाला वाटेत सगळीकडे लागली होती, कित्येक वाळून करडी झालेली, एका पतंगाच्या अळीनं फस्त केलेली. एवढं चिवट लाकूड आणि पानं खाल्ली गेली की उभ्या उभ्या मरतं. काही ठिकाणी बुंध्यातून नवी पालवी फुटत होती ते बघून जरा बरं वाटलं.

पाचव्या दिवशी दुपारी काओर. व्हालांत्रे पुलाचं काम १३०८ मध्ये सुरू झालं आणि ते इतकं लांबलं की लोकांनी त्याची गोष्टच केली. गवंड्यानं सैतानाशी करार केला, काम पूर्ण कर, आत्मा घे, आणि शेवटी आत्मा वाचवायला त्याला चाळणीतून पाणी आणायला लावलं. चिडलेला सैतान मग रोज रात्री मधल्या बुरुजाचा वरचा एक दगड काढून टाकायचा. १८७९ मध्ये डागडुजी करणाऱ्या पॉल गूट या वास्तुविशारदानं त्या रिकाम्या जागी दगड बसवला आणि त्याच्यावर सैतानच कोरून घेतला, दगड उपटायला बघणारा.

दादा सायकल कठड्याला टेकवून मान वर करून शोधत होता, डोळ्यांवर हात धरून, दहा मिनिटं तरी.

"दिसला का रे?"

"थांब. ते बघ, कोपऱ्यात वर. बोटं अडकलीत त्याची."

दिसला मला पण. आमच्या हातांवर, टायरवर, चेनवर पाच दिवसांची पांढरी धूळ होती, आणि गाडीला अजून दीड तास होता, म्हणून आम्ही पुलाखाली नदीवर उतरलो आणि आधी सायकली धुतल्या.