बॉक्स जॉइंटची जिग आणि उलट्या दिशेला सरकवलेली फळी

बॉक्स जॉइंट दिसायला एकदम सोपा, दोन फळ्यांची बोटं एकमेकांत गुंतवायची बस, म्हणून मला वाटलं जिग (म्हणजे ही बोटं एकसारखी कापायचा साचा) काय, एका दुपारचं काम. तीन रविवार गेले.

जिगमध्ये तसं काहीच नाही हो. टेबल सॉच्या (टेबलातून वर आलेलं फिरतं ब्लेड असलेल्या करवतीच्या) माइटर गेजला, म्हणजे टेबलावरच्या खोबणीत सरकणाऱ्या आधाराला, १८ मिमी प्लायची एक फळी उभी लावायची, तिच्यात ब्लेडने एक खाच पाडायची आणि त्या खाचेशेजारी, खाचेएवढंच अंतर सोडून, तेवढ्याच जाडीची लाकडी खुंटी बसवायची. इंग्रजीत तिला की म्हणतात पण मी खुंटीच म्हणणार, नाहीतर प्रत्येक वाक्यात की की होतं. लाकूड उभं धरून खुंटीला टेकवायचं, पहिली खाच पाडायची, ती खुंटीवर बसवून पुढची पाडायची, असं टोकापर्यंत. मग पहिला तुकडा उलटा फिरवून त्याची पहिली खाच खुंटीवर घालायची आणि जोडीदार तुकडा त्याला चिकटवून कापायचा, म्हणजे त्याची सुरुवात आपोआप खाचेने होते.

खुंटीचं माप ब्लेडच्या पाकिटावरून घेऊ नका. ब्लेड फिरताना जरा लहरतं, त्यामुळे खाच छापलेल्या आकड्यापेक्षा थोडी रुंद पडते. माझी साधारण एक सूत, म्हणजे ३ मिमीच्या किंचित वर आली. टाकाऊ तुकड्यात खाच पाडली आणि खुंटीची पट्टी पॉलिश पेपरवर घासत घासत त्यात बसवली, बोटाने ढकलल्यावर जाईल पण उलटं धरलं तरी पडणार नाही अशी. पट्टी लांब ठेवून दोन तुकडे केले, एक खुंटी झाला आणि दुसरा ब्लेड आणि खुंटीमधलं अंतर मोजायला. अंतर लावताना प्लग काढून ठेवायचा हे सांगायला नको, तरी सांगतो.

आता माझा पराक्रम. पहिला जॉइंट इतका घट्ट की अर्ध्यात अडकला. मी म्हटलं घट्ट होतंय म्हणजे जागा कमी पडतेय, म्हणून खुंटी ब्लेडपासून थोडी लांब सरकवली. तर आता बोटं आत शिरायलाच तयार नाहीत! चहा गार होईपर्यंत तो तुकडा हातात फिरवत बसलो तेव्हा ट्यूब पेटली, ते अंतर म्हणजेच बोटाची जाडी, खाच तर ब्लेडएवढीच पडणार, मग अंतर वाढवलं की बोट जाड होणारच ना. घट्ट असेल तर खुंटी ब्लेडकडे आणायची, सैल असेल तर लांब न्यायची. तेही किती, तर साध्या झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीएवढं, म्हणजे ०.१ मिमी, आणि तेवढ्यानेसुद्धा फरक कळतो. म्हणूनच फळी स्क्रूने कायमची ठोकली नाही हे बरं झालं, स्क्रूची भोकं लांबट ठेवल्यामुळे सरकवता आली.

पण सरकवासरकवीत फळीतली खाच रुंद झाली, लाकडाला मागून आधार राहिला नाही आणि मागच्या बाजूचे रेषे फुटायला लागले. फळीवर पातळ प्लायचा नवा तुकडा चिकटवून त्यात ताजी खाच पाडली, मग साफ.

दोन गोष्टी अजून. साध्या ब्लेडचे दात आलटून पालटून तिरके असतात त्यामुळे खाचेचा तळ सपाट होत नाही, दोन कोपऱ्यांत जास्त खोल टोकं पडतात, म्हणून मी सपाट दातांचं, उभं चिरायचं ब्लेड लावलं. आणि ब्लेड फळीच्या मागून बाहेर येतं, नेमकं जिथे अंगठा ठेवावासा वाटतो तिथेच, वरचं गार्डही या कामात काढावं लागतं, म्हणून मागे एक जाड ठोकळा चिकटवलाय आणि त्याला लाल रंग फासलाय.

ब्लेडची उंची लाकडाच्या जाडीपेक्षा केसभर जास्त ठेवली. बोटं किंचित बाहेर येतात, ती नंतर घासून सपाट होतात, आत राहिली तर मात्र सगळी बाजूच घासत बसा. ग्लूने लाकूड फुगतं म्हणून कोरडा जॉइंट हाताच्या दाबाने बसेल इतपतच ठेवला. आठ टोकं, प्रत्येकी नऊ-दहा खाचा, आणि प्रत्येक बोटाला बारीक ब्रशने ग्लू. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पहिला कोपरा सुकायला लागला होता, बॉक्स किंचित वाकडा आहे, झाकण त्यालाच मापून करणार.