मांजरं "फार्मवर सोडा ना" म्हणणाऱ्यांसाठी

भटकी मांजरं उचलून न्या म्हणून फोन करणाऱ्या माणसाला नेमकं काय हवंय ते आता पहिल्या दोन वाक्यांत कळतं. "त्यांना कुठेतरी चांगल्या जागी सोडा ना, एखाद्या फार्मवर, गोठ्याबिठ्यात, मोकळी फिरतील बिचारी." ते 'बिचारी' हमखास असतं. म्हणजे आपल्या जिन्यात नकोत, आपल्या गाडीच्या बॉनेटवर नकोत, पण मनाला टोचणीही नको, म्हणून मग फार्म. बोलणारी माणसं वाईट नसतात, बरेचदा स्वतःच खायला घालणारी असतात, तरी माझं पहिलं उत्तर नाही हेच असतं. का ते एकदा लिहूनच टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं.

कधीच न माणसाळलेलं मांजर जगतं ते जागेच्या जोरावर. कुठल्या भिंतीवर कुत्रा पोचत नाही, पाऊस आला की कुठला पाइप कोरडा राहतो, खाणं कुठे आणि किती वाजता येतं, कुठला बोका अंगावर येतो आणि कुठला नुसता गुरगुरतो, हे सगळं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते उचलून वीस किलोमीटरवर नेऊन पिंजऱ्याचं दार उघडलं की यातलं काहीच उपयोगाचं राहत नाही, आणि मग ते एकच काम करतं, पळतं. बरेचदा जुन्या घराच्या दिशेने. मध्ये रस्ते असतात, कुत्री असतात, खाणं नसतं. पोत्यात घालून लांब सोडलं तरी मांजर आठवड्यात परत आलं अशा गोष्टी प्रत्येकाकडे असतात, पण ज्यांची गोष्ट सांगितली जाते ती परत आलेलीच असतात ना, न आलेल्यांची कोण सांगणार.

शिवाय इकडची जागा रिकामीही राहत नाही. कचरा तोच, उंदीर तेच, आडोसा तोच, मग काही महिन्यांत दुसरी मांजरं येतात आणि यांची नसबंदी झालेली नसते. म्हणून जगभर यावर काम करणारे लोक टीएनआर म्हणतात, म्हणजे पकडा, नसबंदी करा, रेबीजची आणि बाकीची लस द्या, त्याच भुलीत कानाचं टोक जरासं कापा (बहुतेक ठिकाणी डाव्या कानाचं, लांबूनही ओळखू यावं म्हणून) आणि होतं तिथेच परत सोडा. 'तिथेच' हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि लोकांना नेमका तोच आवडत नाही. तक्रार आली एवढं कारण हलवायला पुरत नाही. नसबंदी झाली की रात्रीची ओरडाआरड, मारामाऱ्या आणि बोक्यांचं लघवी फवारणं बरंच कमी होतं, खाण्याची जागा रोज थोडी थोडी सरकवत कोपऱ्यात नेता येते, अर्ध्याअधिक भांडणं तिथेच मिटतात.

पण कधीकधी हलवावंच लागतं. इमारत पाडणार आणि मागे काहीच उरणार नाही. किंवा कोणी खरोखर विष घालतंय आणि थांबवता येत नाहीये. किंवा मांजर शेल्टरमध्ये येऊन पडलंय, कुठून आणलं ते कोणाला माहीत नाही, माणसाला हात लावू देत नाही, मग घरी कोण नेणार. अशांसाठी गोठा, तबेला, धान्याचं गोदाम, रोपवाटिका, वर्कशॉप अशा जागा शोधतात, काही शेल्टर्स याला 'वर्किंग कॅट' म्हणतात. आधी हे मात्र बघायचं की मांजर खरंच रानटी आहे का. ट्रॅपमध्ये पहिल्या दिवशी सगळीच मांजरं वाघ असतात, घरातून हरवलेलं लाडकं मांजरसुद्धा फिस्कारतं आणि कोपऱ्यात थिजून बसतं, त्याला दोनचार दिवस शांत खोलीत दिले की ते हळूच शेपटी वर करून पुढे येतं. असलं मांजर गोठ्यात पाठवायचं नाही, त्याला घर शोधायचं. पिल्लांचंही तेच, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू माणसाशी जुळवून घ्यायला शिकतं, त्या वयाची किंवा जराशी मोठी पिल्लं मिळाली तर ती घरातच गेली पाहिजेत.

गंमत म्हणजे गोठा आणि कोठार ही मांजराला परकी जागा नाहीच. सायप्रसमध्ये माणसाच्या शेजारी पुरलेलं मांजर सापडलं, जवळजवळ ९,५०० वर्षांपूर्वीचं, २००४ मध्ये ते जाहीर झालं. आजच्या घरमांजरांचे पूर्वज पश्चिम आशियातले रानमांजर, हे २००७ च्या जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. शेती आली, धान्य साठलं, उंदीर आले, मागोमाग मांजर आलं. कोणी पाळलं वगैरे नाही, आपलं आपण आलं. त्यामुळे गोठेवाल्याशी बोलताना मी दयेची भाषा वापरत नाही, सरळ व्यवहार सांगते.

आणि व्यवहार सांगायचा तर खरा सांगायचा. छोटे उंदीर मांजर धरतं. मोठ्या घुशींचं तसं नाही. न्यूयॉर्कमध्ये कचऱ्याच्या एका केंद्रात उंदरांना चिप लावून कॅमेऱ्याने बघितलं होतं, २०१८ साली ते छापून आलं, ७९ दिवसांत मांजरांनी मोठे उंदीर मारले फक्त दोन. मांजरं असली की उंदीर बाहेर यायचे कमी झाले, लपून राहिले, एवढंच. म्हणून "चार मांजरं द्या, घुशी संपवतील" म्हणणाऱ्याला मी आधीच सांगते की संपणार नाहीत. दुसरा गैरसमज याहून वाईट, की खायला दिलं तर मांजर शिकार करणार नाही. अहो, मांजर पोट भरलेलं असलं तरी शिकार करतं, ती त्याची खोडच आहे. उपाशी मांजर शिकारीत तरबेज होत नाही, ते निघून जातं. रोज खाणं, रोज ताजं पाणी, आजारी पडलं तर डॉक्टर, हे तीन कबूल नसतील तर पुढचं बोलायचंच नाही.

जागा बघायला गेलं की गवत किती हिरवं आहे ते सोडून मी फडताळं उघडायला लावते. उंदराचं औषध आहे का? ब्रोमॅडिओलोनसारखी रक्त गोठू न देणारी औषधं उंदराच्या पोटातून मांजराच्या पोटात जातात. पर्मेथ्रिन आहे का? गोचीड-माश्यांसाठी जनावरांवर मारतात, कुत्र्यांच्या मानेवर घालायच्या काही औषधांतही असतं, कुत्र्याला चालतं, मांजराच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही आणि झटके येऊन मांजर मरू शकतं. गाड्यांचं कूलंट सांडलेलं असतं, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंडं निकामी करतं. मोठा रस्ता किती जवळ, कुत्री कशी आहेत, आधीची मांजरं आहेत का आणि त्यांची नसबंदी झालीये का. शेळ्यामेंढ्या असतील तर टॉक्सोप्लाझ्माचं (मांजराच्या विष्ठेतून पसरणारा परजीवी) बोलावंच लागतं, गाभण जनावर गाभडू शकतं त्याने. मांजर पहिल्यांदा संसर्ग झाल्यावर साधारण एक ते तीन आठवडे विष्ठेतून त्याची अंडी टाकतं, आणि ते बहुतेक करून लहान वयात होतं, म्हणजे दर मोसमाला नवी पिल्लं होणाऱ्या गोठ्यापेक्षा नसबंदी केलेली चारपाच मोठी मांजरं बरी, पण चारा आणि खुराक झाकून ठेवायचा तो ठेवायचाच. आणि जवळ पक्ष्यांचं अभयारण्य, पाणथळ किंवा जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची जागा असेल तर मी मांजर देत नाही, यावर माझ्याशी खूप जण भांडलेत. अमेरिकेत मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात असा अंदाज २०१३ मध्ये आला होता आणि त्यातले बहुतेक बिनमालकाच्या मांजरांच्या नावावर आहेत. मांजरं आवडतात म्हणून हा आकडा झाकून ठेवायचा हे मला जमत नाही.

आता कोंडून ठेवण्याचं. खरं काम हेच, गाडीतून नेऊन पोचवणं काहीच नाही. एकटं मांजर द्यायचं नाही, एकाच जागी एकत्र राहिलेली, एकमेकांना ओळखणारी किमान दोन. नव्या जागेत, म्हणजे जिथे पुढे राहायचंय त्याच गोठ्यात, मोठा पिंजरा किंवा पूर्ण बंद होणारी खोली, आणि पूर्ण बंद म्हणजे छताजवळची फट धरून, घाबरलेलं मांजर आधी वर चढतं. आत लपायला खोका, शक्यतो दार बंद करता येईल असा, म्हणजे ते आत असताना साफसफाई करता येते आणि हात फाटत नाही. शी-शूच्या घमेल्यात सुरुवातीला साधी माती घालायची, त्यांना तीच माहीत असते. जुन्या जागेवरचं एखादं फडकं वासासाठी. पिंजऱ्यावर चादर. असं दोन ते चार आठवडे, मी तीनच्या खाली येऊ देत नाही.

पहिले एकदोन दिवस बघवत नाहीत. धडका मारतात, खात नाहीत, पाणी सांडतात, मालकाचा फोन येतो की अहो हे हाल करण्यापेक्षा सोडून देऊ का. नाही. त्या क्षणी सोडलं तर गेलंच समजा. चादर नीट टाका, दिवा कमी करा, जवळ बसून टक लावून बघू नका, वासाचं ओलं खाणं ठेवा आणि निघून या. बहुतेक जण रात्रीच्या शांततेत खातात. मग रोज ठरलेल्या वेळी, ठरलेली हाक किंवा डबा वाजवून खाणं द्यायचं, तोच आवाज पुढे मोकळं सोडल्यावर कामाला येतो. या आठवड्यांत ते फक्त ऐकत आणि हुंगत असतं, गायी कधी येतात, मशीन कधी सुरू होतं, कुत्रा कुठवर येतो, खाणं कोण आणतं. जुन्या जागेचं जे पुसलं गेलं ते असं परत भरतं, आणि याला शॉर्टकट नाही, निदान मला तरी सापडलेला नाही.

सोडायच्या दिवशी नेहमीच्या खाण्याच्या वेळेआधी जरा भुकेलं ठेवून दार उघडायचं, हाकलायचं नाही, ओढायचं तर अजिबातच नाही. पाऊसवादळ असेल तर दिवस पुढे ढकला. पिंजरा लगेच उचलू नका, अजून आठवडाभर तरी उघडाच राहू दे, आतला खोका आणि खाणं तसंच. काही मांजरं तासाभरात माळ्यावर जाऊन बसतात, काही दोन दिवस उघड्या दारातून बाहेरच येत नाहीत.

आणि काही दिसेनाशी होतात. याबद्दल मालकाला आधीच सांगून ठेवते, कारण दोन दिवस दिसलं नाही की लोक खाणं ठेवणं बंद करतात. बंद करायचं नाही, किमान महिनाभर त्याच वेळी तोच डबा वाजवायचा, रात्रीसाठी एखादा मोशन कॅमेरा लावायचा. कितीतरी मांजरं गेलीच नसतात, गवताच्या गंजीमागे असतात आणि पहाटे येऊन खाऊन जातात. तरी काही खरंच जातात, सगळं नीट केलं तरी. म्हणून मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) आधीच बसवून घेते, आणि जुन्या जागेवर कोणालातरी लक्ष ठेवायला सांगते.